पाचवी ओळ

१

सेफ्टी ऑफिसातल्या भिंतीवर पूर्वी एक पांढरी पाटी होती. कोणत्या टाकीत कोण उतरलंय ते तिच्यावर मार्करने लिहायचं आणि माणूस बाहेर आला की पुसायचं. लिहिणारे बरेच होते, पुसणारा कोणी नव्हता. गणपतीत आत गेलेला माणूस दसऱ्यापर्यंत पाटीवर आतच असायचा, आणि प्रत्यक्षात तो कँटीनसमोर चहा पीत उभा असायचा. सगळा कारखाना यावर हसायचा. आत्माराम तामोरे हसायचा नाही.

आत्माराम त्या ऑफिसातला टेक्निशियन. मुरब्याचा, बेचाळीस वर्षांचा, त्यातली सतरा वर्षं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत घालवलेला. आपल्या हाताने केलेल्या वस्तूवर त्याचा फार जीव. घरचा मिक्सर बिघडला तरी तो कोणाला हात लावू द्यायचा नाही, मग महिनाभर वाटण पाट्यावर करावं लागलं तरी चालेल. त्याने ठरवलं, पाटी कॉम्प्युटरवर घ्यायची. टाकीच्या तोंडाशी पास टेकवायचं यंत्र होतंच. पास टेकवला की नाव पडद्यावर यावं, पुन्हा टेकवला की जावं. एवढंच.

एवढंच करायला त्याला तीन महिन्यांच्या चहाच्या सुट्ट्या लागल्या. पडद्यावर अक्षर उमटवणं हे लिहिण्याचं काम नव्हे, चितारण्याचं आहे, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. लुआ नावाच्या भाषेत सूचना लिहायच्या आणि कैरो नावाची लायब्ररी त्याप्रमाणे चितारणार. पण ती काही म्हणता काही गृहीत धरायची नाही. आधी कोरं पान द्या. मग टोक कुठे टेकवू ते सांगा, डावीकडून इतकं, वरून इतकं. अक्षर केवढं? रंगात लाल किती, हिरवा किती, निळा किती, आणि चौथा आकडा, तो रंग किती दाट? मग नाव द्या. नाव मधोमध बसवायचं असेल तर आधी मोजून घ्या, किती रुंद होईल ते. हे सगळं झालं की पान पुसा आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा पहिल्यापासून.

सेफ्टी ऑफिसर होत्या प्रियंका मॅडम, पालघरहून रोज स्कूटरने यायच्या. वयाने आत्मारामपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण कामात कोणाला सूट नाही. पाटीच्या पहिल्या चाचणीत त्यांच्या नावातली वेलांटी सुटून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "माझं बारसं पुन्हा केलंत का?" वेलांट्या जागेवर आणण्यात आणखी पंधरा दिवस गेले. शेवटी दसऱ्याला पाटी सुरू झाली आणि आत्मारामने पडद्याच्या कोपऱ्याला झेंडूचं फूल चिकटवलं.

२

दिवाळीत कारखाना दहा दिवस बंद ठेवून टाक्या साफ करतात. चार नंबरची टाकी सगळ्यांत जुनी, तीन मजली घराएवढी उंच. वरच्या झाकणातून शिडीने आत उतरायचं आणि आतल्या आडव्या पत्र्यांवर साचलेला गाळ खरवडून बादल्यांनी वर पाठवायचा. हे काम मुकादम पुंजारामच्या चार माणसांकडे होतं. पहिल्या दिवशी दहा वाजता पाटीवर 'टाकी ४' आलं आणि त्याखाली एकाखाली एक चार नावं उमटली: विनोद, हितेश, सुका, मेहुल. आत्माराम खूश झाला. अक्षरं कशी ताटात वाढल्यासारखी नीट बसली होती.

बाराच्या सुमारास चौथ्या नावाखाली एक डाग दिसला.

कोणीतरी चहाच्या बोटाने पडद्याला शिवावं, तेवढाच. आत्मारामने रुमालाने पुसला. गेला नाही. रुमाल ओला करून पुसला, तरी नाही. मग त्याने माउसने पाटी पडद्यावर थोडी डावीकडे सरकवली, तर डागही तिच्याबरोबर डावीकडे सरकला. म्हणजे डाग काचेवर नव्हता, पाटीत होता.

त्याला हायसंच वाटलं, कारण पाटीतली चूक म्हणजे आपली चूक, आणि आपली चूक सापडते. सापडलीही. दर सेकंदाला पान पुसताना तो फक्त नावांच्या ओळी पुसत होता, खालचं पान तसंच राहत होतं. न पुसलेल्या पानावर अगदी फिकट काहीतरी सेकंदासेकंदाला पडत राहिलं तर थरावर थर बसणार आणि दोन तासांनी ते दिसायला लागणार. त्याने सूचना बदलली, सगळं पान पुसायला लावलं. डाग गेला. आत्माराम चहा प्यायला गेला.

अर्ध्या रस्त्यात त्याच्या मनात आलं, की साचायला आधी काहीतरी पडावं लागतं. ते पडत काय होतं?

तो परत आला. डाग परत आला होता, आणि आता त्याला लांबी होती. डावीकडून उजवीकडे, पाचव्या ओळीच्या जागी, बरोबर मधोमध.

३

संध्याकाळी मुरब्याला घरी पोचला तेव्हा अंगणात भागी बांबूंवरचे सुके बोंबील काढत होती. भागी जव्हारकडची; गेल्या दोन वर्षांपासून आत्मारामच्या घरी सुक्या मासळीच्या कामाला यायची. तिला पाहिलं आणि आत्माराम नजर चुकवून मोटरसायकल लावायला मागे गेला.

त्याचं कारण होतं जिवल्या, भागीचा नवरा. जमीन नाही, दरवर्षी दिवाळी झाली की दोघं वीटभट्टीवर जायची. यंदा भागीने आत्मारामला गाठलं होतं. "भाऊ, याला तुमच्या कंपनीत लावा ना. भट्टी नको आता. माझा जीव नाय धजत." आत्मारामने पुंजारामला शब्द टाकला. पण पास करायचा तर बोटांचे ठसे लागतात, आणि भट्टीवरच्या विटा उचलून उचलून जिवल्याच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. दहाही बोटं लावून झाली, यंत्र नाहीच म्हणालं.

पुंजाराम म्हणाला, "साहेब, कशाला टेन्शन घेता? सुका गेलाय गावाला भातकापणीला. त्याचा पास माझ्या खिशात पडलाय. जिवल्या सुका म्हणून चढेल. तो दिवस भरेल, मी माणूस भरेन."

असं चालत नाही हे आत्मारामला ठाऊक होतं. असं चालतं, हेही ठाऊक होतं. सगळ्या वसाहतीत मुकादमांच्या खिशात पासांच्या गड्ड्या असतात. तो गप्प बसला, म्हणजे हो म्हणाला.

"भाऊ, याचं काम कसं चाललंय?" भागीने मागच्या दारी येऊन विचारलं.

"चांगलं चाललंय," तो म्हणाला.

"आत उतरवतात ना त्याला? बघा हां. तुमी हाय म्हनून मी झोपते."

जेवताना त्याच्या डोक्यात तेच फिरत राहिलं. पाटीवर सुका होता तो जिवल्या होता. चार पास, चार माणसं, हिशेब बरोबर होता. पण एक नाव त्याने लपवलं होतं, आणि चार नावांखाली एक ओळ उमटू बघत होती. आपलंच मन आपल्याला खातंय, असं त्याने स्वतःला बजावलं. मन खातं ते पडद्यावर दिसत नाही, हे मात्र त्याला खोडता आलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी त्याने पाटीला नवी सूचना दिली: नाव चितारण्याआधी जे जे मोजतेस, ते ते एका फाइलीत लिहून ठेव. चार नावं, म्हणजे दर सेकंदाला चार आकडे.

फाइल उघडली तर पाच होते.

पहिल्या चार आकड्यांपुढे चार नावं. पाचव्यापुढे काही नाही, कोरं. कोऱ्या नावाची रुंदी शून्य यायला हवी. ज्यात अक्षरच नाही त्याला रुंदी कसली? पाचवा आकडा होता एकशे एकतीस. दर सेकंदाला एकशे एकतीस, कमी नाही की जास्त नाही.

त्याने सूचना ओळीओळीने वाचल्या. बोट ठेवून वाचल्या. चार नावं आली की चार फेऱ्या, पाचवी फेरी होतच नव्हती. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पाटी दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन लावली. तिथेही एकशे एकतीस. मग दोन नंबरच्या टाकीची पाटी लावून पाहिली. तिथे तीन माणसं, तीन आकडे, कुठे काही जास्त नाही. परत चार नंबर लावला. एकशे एकतीस.

"काय झालं?" प्रियंका मॅडमनी विचारलं.

"काही नाही, एक फेरी जास्त होतेय."

"डोळे लाल झालेत तुमचे. ती पाटी राहू द्या, मार्कर आहे अजून माझ्याकडे."

संध्याकाळी साडेपाचला काम सुटलं आणि तो पाटीसमोर बसून राहिला. एकेक पास लागत गेला. विनोद गेला. खालची नावं एकेक ओळ वर सरकली, जशी त्याने सूचना दिली होती तशी. हितेश गेला, सुका गेला, शेवटी मेहुल गेला. नियमाने आता खालचं जे काही असेल ते पहिल्या ओळीवर सरकायला हवं होतं.

ते सरकलं नाही. वरच्या चार ओळी मोकळ्या आणि पाचव्या ओळीवर तो डाग, कालच्यापेक्षा गडद. आता तो डाग वाटत नव्हता. लांबून रस्त्यापलीकडची दुकानाची पाटी दिसावी, अक्षरं आहेत हे कळावं पण वाचता येऊ नये, तसं दिसत होतं.

आत्मारामने पडद्याचं बटन बंद केलं आणि घरी गेला. पुंजारामला फोन करून चौघे बाहेर आले ना हे विचारायला तो विसरला नाही. आले होते.

५

तिसऱ्या दिवशी त्याने जिवल्याला नळावर गाठलं. जिवल्या हात धूत होता. हडकुळा, चाळिशीचा माणूस, बोलताना समोरच्याच्या पायांकडे बघायचा.

"आत कसं वाटतं रे?"

"बरं हाय. गार हाय आत."

"भीती नाही ना वाटत?"

जिवल्याने थोडा विचार केला. "आमी बोलतो तेच परत ऐकू येतं, भाऊ. टाकी हाय, येनारच. पन कदी कदी उशिरा येतं."

"उशिरा म्हणजे?"

"म्हंजे आमी गप बसलो का मंग येतं."

एवढं बोलून तो पाण्याची बाटली भरायला लागला. आत्मारामला आणखी विचारायचं होतं, पण पुंजाराम लांबून बघत होता.

ऑफिसात येऊन त्याने ते केलं, जे दोन दिवस करायचं टाळत होता. एका कोपऱ्यात त्याने जिवल्याचं पूर्ण नाव टाइप केलं, जिवल्या धोडी, आणि मोजायला लावलं. एकशे एकतीस आलं तर उठायचं, मॅडमपुढे जाऊन सगळं सांगायचं, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं त्याने ठरवलं होतं.

एकशे अठरा आलं.

त्याने खुर्चीला पाठ टेकली. जिवल्याचं नाव नव्हतं ते. मग कोणाचं का असेना; बहुतेक कोणाचंच नव्हतं, कुठल्यातरी जुन्या फाइलीतला कचरा असेल. तेरा पिक्सेलच्या, म्हणजे पडद्यावरच्या तेरा ठिपक्यांच्या, फरकाने त्याची नोकरी वाचली होती, आणि जिवल्याचीही. इतका आनंद त्याला पोरगा दहावी पास झाला तेव्हाही झाला नव्हता. हे आठवून त्याला नंतर स्वतःची लाज वाटली.

प्रियंका मॅडम चहा घेऊन आल्या. "आत्माराम, तुम्हाला काही सांगायचंय का मला? दोन दिवस बघतेय."

"नाही मॅडम," तो म्हणाला. "सापडली चूक."

६

चौथा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, सगळ्यांना घरची ओढ. बारापर्यंत गाळ संपेल, मग टाकीचं झाकण लावून आत नायट्रोजन सोडायचा, म्हणजे आतली सगळी हवा बाहेर जाते. असं ठरलं होतं.

पाचवी ओळ आता जवळजवळ नावांइतकीच दाट झाली होती. तरी वाचता येईना. आत्माराम नजर रोखून बघायचा तेव्हा ती अक्षरं वाटायची, पण एका अक्षरावर नजर ठेवावी तर ते ओळखीचं निघायचं नाही. बाजूला बघितलं की वाटायचं आत्ता वाचता आलं असतं. सकाळपासून तो तीनदा उठला, तीनदा बसला.

बारा पन्नासला पाटी रिकामी झाली. चारही नावं गेली.

त्याने फाइल बघितली, निव्वळ सवयीने. विनोद, हितेश, सुका, मेहुल. चौघे बाहेर पडल्याच्या वेळा समोर होत्या. चार पास, तीन सेकंदांत.

तो आकड्यांकडे बघत राहिला. त्या शिडीवरून एका माणसाला वर यायला पाऊण मिनिट लागतं. चार माणसं तीन सेकंदांत कशी बाहेर येतील? तशी ती आलीच नव्हती. पुंजारामने सगळे पास आपल्याच खिशात ठेवले होते, आणि घाई होती म्हणून एकामागोमाग एक टेकवून मोकळा झाला होता. वर कोण आलं आणि कोण नाही, हे पाटीला कळायला काही मार्गच नव्हता.

चार मोकळ्या ओळींखाली ती पाचवी ओळ स्वच्छ, ठळक उभी होती. आत्मारामने ती वाचली नाही. तो धावत सुटला होता.

७

टाकीच्या डोक्यावर झाकण बसलं होतं. नायट्रोजन अजून सोडला नव्हता, पण आत हवा मारणारा पंखा बंद केला होता. टाकीच्या तोंडाशी राखणीला असलेला धर्माजी, साठीला आलेला शांत माणूस, मोठ्या पान्याने सहावा बोल्ट आवळत होता. बाजूला पुंजाराम मोबाइलवर बोलत उभा होता.

"उघडा," आत्माराम म्हणाला. त्याला धाप लागली होती. "आधी झाकण उघडा."

"काय झालं साहेब? सगळे आले ना वर. चार पास लागले," पुंजाराम म्हणाला.

"माणसं किती आली? धर्माजी, तुम्ही मोजली?"

धर्माजीने पाना खाली ठेवला. "पास मोजले मी," तो हळूच म्हणाला. "चार वेळा यंत्र वाजलं."

तोवर प्रियंका मॅडमही वर पोचल्या होत्या. "कोण आत आहे, आत्माराम? विनोद, हितेश, मेहुल खाली हात धुताना मी आत्ता बघितले. सुका तर पाटीवर बाहेर दिसतोय."

इथवर येईपर्यंत त्याला वाटत होतं की नुसतं उघडा म्हटलं की पुरेल. पुरत नव्हतं. पुंजाराम त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता. खाली पायरीवर तिघे कामगार आपापले डबे उघडत होते आणि चौथा डबा, फडक्यात बांधलेला, तसाच पडून होता.

"सुका गावाला आहे, मॅडम. त्याच्या पासवर जिवल्या आहे. त्याचा पास झाला नव्हता. मीच लावला त्याला."

प्रियंका मॅडमनी स्वतः पाना उचलला.

झाकण निघालं. हाक मारली तर उत्तर नाही. पंखा लावला, अग्निशमनच्या दोन माणसांनी हवेच्या नळ्या तोंडाला लावल्या आणि दोर बांधून आत उतरले. बारा मिनिटं लागली. आत्माराम झाकणाच्या कडेला गुडघ्यांवर बसून होता आणि त्याला भागीचं ते वाक्य सारखं ऐकू येत होतं, तुमी हाय म्हनून मी झोपते. आपण किती हलके आहोत हे त्याला त्या बारा मिनिटांत कळलं.

दोराला हिसका बसला. जिवल्या वर आला, मान टाकलेला, ओठ निळे, पण श्वास चालू होता.

८

त्याला खाली सावलीत निजवला आणि ऑक्सिजन लावला. दहा मिनिटांनी त्याने डोळे उघडले. आत्मारामने त्याचा हात घट्ट धरला होता. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायचं भानही नव्हतं.

जिवल्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "त्याला काडला?"

"कोणाला?"

"मागं पत्र्यावर व्हता तो. मला चक्कर आली तवा त्यानंच धरलं. पडू नाय दिलं." तो थांबून थांबून बोलत होता. "लय वेळ धरून व्हता, भाऊ. हात सोडत नव्हता. दोर आला तवा मी वर आलो. तो तितंच हाय."

विनोद, हितेश आणि मेहुल समोरच उभे होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

प्रियंका मॅडमनी जे करायला हवं ते सगळं केलं. कारखान्यातल्या एकूण एक माणसाला मैदानात उभं केलं आणि पास नव्हे, चेहरे मोजले. पुंजारामच्या वहीतल्या प्रत्येकाच्या घरी फोन लावला. सुकाच्या गावी लावला. सुका शेतात होता, स्वतः बोलला. कोणीच कमी नव्हतं. अग्निशमनची दोन माणसं पुन्हा आत उतरली, मोठे दिवे घेऊन, आणि पाऊण तास एकेका पत्र्याखाली बघून आली. आत काही नव्हतं.

"बेशुद्धीत होतं असं," मॅडम म्हणाल्या. जिवल्याला रुग्णवाहिकेतून इस्पितळात नेलं होतं, मुरब्याहून भागी तिथे पोचणार होती. पुंजारामला गेटवर बसवून ठेवलं होतं. "तुमचीही चौकशी होईल, आत्माराम. उद्यापासून येऊ नका. पण आजचं काम संपवून जा."

संपवायचं काम एकच होतं. टाकी बंद करण्याच्या कागदावर दोन सह्या लागतात, आणि मॅडमची झाली होती.

आत्माराम कागद घेऊन ऑफिसात गेला. तो तिथे का गेला हे त्याला सांगता आलं नसतं. पाटीवर पाचवी ओळ तशीच होती, जिवल्या वर येऊनही. इतके दिवस त्याने तिला आपलं पाप समजून बघितलं होतं, आणि म्हणून जिवल्या सापडला. पण ती जिवल्यासाठी नव्हतीच. किती वर्षं असे मुकादम होते, असे पास होते, आणि पासाशिवायही किती जण आत उतरले असतील. ज्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, तो वर आला नाही तर कमी कोणाला पडणार?

तो परत टाकीवर आला. "मॅडम, आजची रात्र उघडी ठेवू या."

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्या थकल्या होत्या. "नाव सांगा. एक नाव सांगा, मी आठ दिवस उघडी ठेवते."

आत्मारामकडे नाव नव्हतं. रुंदी तेवढी होती.

सूर्य कलला होता. मॅनेजरचा फोन दोनदा येऊन गेला होता. आत्मारामला एकाएकी इतका शीण आला की उभं राहवेना. त्याने एका माणसाला वाचवलं होतं, नोकरी घालवली होती, खरं बोलून दाखवलं होतं. एका दिवसात माणसाने आणखी किती करायचं? त्याला घरी जायचं होतं. 'आत कोणीही नाही' या छापील वाक्याखाली त्याने सही केली.

झाकण बसलं. धर्माजी एकेक बोल्ट आवळत गेला. चोवीस बोल्ट होते आणि आत्माराम मनात मोजत होता, कारण मोजताना दुसरं काही मनात येत नाही.

सतराव्या बोल्टला धर्माजीचा पाना थांबला. त्याने डावा तळवा झाकणावर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मान वर करून आत्मारामकडे बघितलं. मॅडम खाली उतरून गेल्या होत्या. त्या दोघांशिवाय वर कोणी नव्हतं.

आत्मारामलाही ते ऐकू आलं होतं. हळू, पण घाई न करता, आतून कोणीतरी हाताने वाजवावं तसं.

"आवळा," तो म्हणाला.